आबिस्को हिम-निरीक्षण केंद्र
स्वीडनच्या उत्तर भागातील हवामान व हिम यांच्या दीर्घकालीन निरीक्षणाचे प्रसिद्ध केंद्र. ते उत्तर ध्रुववृत्ताच्या सु. २०० किमी. उत्तरेस, टोर्नेट्रेस्क सरोवराच्या दक्षिण काठी, सु. ३८५ मी. उंचीवर आहे. मूळ केंद्र १९०३ मध्ये व्हासियाउरे येथे लोहमार्गालगत निघाले. १९१० मध्ये ते जळाल्यावर आबिस्को येथे नवे उभारण्यात आले. तेथील नोंदी १९१३ पासूनच्या आहेत. पर्वतांच्या पर्जन्यछायेमुळे वार्षिक वर्षण सु. ३०० मिमी. एवढेच असते.

हिमाची केवळ जाडी मोजणे पुरेसे नसते. १९६१ पासून येथे हिवाळ्यात ठराविक काळाने हिमात उभा छेद घेऊन प्रत्येक थराची जाडी, काठिण्य, कणांचा आकार व कोरडेपणा नोंदविण्यास सुरुवात झाली. ऐन हिवाळ्यात तापमान ०° से.च्या वर गेले, की हिमाचा पृष्ठभाग वितळतो व पुन्हा गोठून कठीण पापुद्रा बनतो. पुढील हिमवृष्टीत तो गाडला जातो. सु. पन्नास वर्षांच्या छेदांवरून असे अतिकठीण थर वाढत असल्याचे आढळले. नुसत्या जाडीच्या आकड्यांत ही गोष्ट दिसली नसती.

या प्रदेशातील सामी लोकांच्या दृष्टीने हा बदल गंभीर आहे. त्यांचे रेनडियर खुरांनी हिम उकरून त्याखालील शैवाक खातात. पापुद्रा फुटला नाही, तर चारा हातभर अंतरावर असूनही जनावरे उपाशी राहतात आणि कळपांना बाहेरून चारा पुरवावा लागतो.

१९३५ मध्ये रॉयल स्वीडिश विज्ञान अकादमीने केंद्र आपल्याकडे घेतले. २०१० मध्ये ते स्वीडनच्या ध्रुवीय संशोधन सचिवालयाकडे गेले. व्यवस्था बदलली, तरी निरीक्षणे चालू राहिली.