टीचर, हत्ती कुठे आहे?

सड्यावरची कातळशिल्पे पाहायची असतील तर भर दुपारी जाऊ नका. मागच्या हिवाळ्यात मी सातवीची मुले घेऊन राजापूर तालुक्यात कशेळीला गेले, तेव्हा बस उशिरा आली आणि आम्ही पोहोचलो नेमके बारा वाजता. समोर सुमारे १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद हत्ती, त्याच्या पोटात आणखी कितीतरी प्राणी, आणि मुले विचारताहेत, "टीचर, हत्ती कुठे आहे?" ऊन डोक्यावर असले की जांभ्यातल्या रेघांना सावलीच पडत नाही. चार वाजता ऊन तिरपे झाले आणि सोंड दिसली!

इंग्लंडमध्ये स्टोनहेंजच्या दगडांवरही असेच झाले होते. १९५३ साली रिचर्ड ॲटकिन्सन हे संशोधक तिथल्या एका दगडावर सतराव्या शतकात कोरलेल्या नावाचा फोटो घ्यायला गेले. तिरप्या उजेडात त्यांना शेजारी खंजीर आणि कुऱ्हाडी कोरलेल्या दिसल्या. शेकडो लोक त्या दगडासमोरून गेले असतील, पण लक्ष कोणाचेच गेले नव्हते.

पुढे २०११ मध्ये तिथल्या सर्व दगडांचे लेझर स्कॅनिंग झाले. यंत्र दगडावर प्रकाशकिरण सोडते, परतलेल्या किरणावरून अंतर मोजते आणि अशा असंख्य बिंदूंतून दगडाची हुबेहूब प्रतिकृती संगणकात उभी राहते. मग ऊन हवे त्या बाजूने पाडता येते, चार वाजण्याची वाट पाहावी लागत नाही. झिजून डोळ्यांना न दिसणाऱ्या आणखी ७१ कुऱ्हाडी त्यात सापडल्या. एकूण संख्या ११५ झाली.

आपल्याकडे ड्रोनने वरून फोटो घेतात. एकमेकांवर थोडे चढणारे अनेक फोटो जोडून संगणक खोली काढतो. एवढी मोठी चित्रे जमिनीवरून एका नजरेत मावतच नाहीत, म्हणून हे फार उपयोगाचे. काही ठिकाणी तर गेंड्यासारखे, आज कोकणात नसलेले प्राणी कोरलेले आहेत. उघड्या कातळावर मातीचे थर नसतात, त्यामुळे काळ ठरवणे अवघड, आणि रेघ हाच मोठा पुरावा. २०२२ मध्ये कोकणातल्या या शिल्पांची नोंद युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत झाली.

परतताना एका मुलाने विचारले, "सगळे मोजून झाले की कातळ फोडला तर चालेल का?" त्याचे अब्बू चिरेखाणीच्या ट्रकवर आहेत, घर त्यावर चालते. मी पटकन "नाही" म्हणाले, कारण सांगायला मात्र निम्मा रस्ता लागला. आजचे यंत्र आजच्यापुरतेच पाहते. १९५३ च्या आधी चांगले फोटो काढून स्टोनहेंज फोडले असते, तर त्या कुऱ्हाडी खडीत गेल्या असत्या. "मग अब्बूंनी दुसरा कातळ घ्यावा," तो म्हणाला. मी म्हटले, आधी तो तिरप्या उन्हात बघून घ्यायला सांग.