चक्रवाढ

मे २०२५ मधली गोष्ट. रविवारची सकाळ होती. घावन संपले होते, चहाचा दुसरा कप हातात होता आणि दारातल्या आंब्यावर उरलेसुरले चार आंबे माकडांच्या आधी कोणी उतरवायचे, यावर घरात चर्चा चालू होती. तेवढ्यात आमची लेक म्हणाली, “बाबा, मी चाकं मागवतेय. चीनहून.”

“कसली चाकं?”

“सायकलची. कार्बनची.”

सौ.ने माझ्याकडे पाहिलं. अडतीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाच्या संसारात असं पाहण्याला एक ठरलेला अर्थ असतो. अर्ज आला आहे, आता छाननी करा.

आमची लेक इथे रत्नागिरीत कॉलेजात शिकवते आणि उरलेल्या वेळात सायकल चालवते. की सायकल चालवते आणि उरलेल्या वेळात शिकवते, हे मला अजून नीट कळलेलं नाही. ती शर्यतीतली सायकलस्वार नव्हे. तिचा प्रकार लांब पल्ल्याचा. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० वीस तासांत, ४०० सत्तावीस तासांत, ६०० चाळीस तासांत पुरे करायचे. तिथे पहिला-दुसरा क्रमांक नाही. वेळेत पोचलात की पोचलात. हे चारही टप्पे एका हंगामात पार केले की पॅरिसहून ब्रेस्टला जाऊन परत पॅरिसकडे यायच्या १२०० किलोमीटरच्या दौडीची दारं उघडतात. १८९१ साली सुरू झालेली ही दौड आता चार वर्षांनी एकदा होते. मागची २०२३ मध्ये झाली, पुढची २०२७ मध्ये आहे. लेकीच्या कपाटाच्या दाराला आतून फ्रान्सचा नकाशा चिकटवलेला आहे. बाहेरून लावला असता तर आईने विचारलं असतं.

नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये दोघांच्या संघाने अमेरिका आडवी पार करण्याची शर्यत पुरी केली, तेव्हापासून आपल्याकडे डॉक्टर, वकील, प्राध्यापक अशी पांढरपेशी मंडळी पहाटे सायकली घेऊन बाहेर पडू लागली. पूर्वी घाटात सायकल म्हटली की आम्हाला मुंबई-पुणे शर्यत आणि ‘घाटाचा राजा’ एवढंच आठवायचं. आता आपल्याच घरातून कोणीतरी पहाटे चारला दिवे लावून आंबा घाटाकडे निघतं आणि आपण गादीवर पडून मोटारींचे आवाज मोजत राहतो.

तर चाकं. तिच्या सायकलीबरोबर आलेली ॲल्युमिनियमची जोडी सुमारे १९०० ग्रॅमची. हवी असलेली कार्बनची १५००ची. युरोपातल्या नामांकित कंपनीची जोडी घ्यायची तर दीड-दोन लाख रुपये मोजायचे. चीनमधला एक कारखाना तशीच दिसणारी जोडी ३८ हजारांत देत होता. वर हशील आणि जकात वेगळी.

“चारशे ग्रॅमसाठी ३८ हजार?” मी विचारलं.

“चढाला फरक पडतो, बाबा.”

मी कागद-पेन्सिल घेतलं. ती, तिची सायकल, पाणी, हत्यारं मिळून ६८ किलो. त्यातले ४०० ग्रॅम म्हणजे शेकडा अर्ध्याहून किंचित जास्त. तासाभराचा चढ असेल तर वाचतात सुमारे वीस सेकंद. तिची पाण्याने भरलेली एक बाटली त्याहून जड असते. मी हिशेब पुढे सरकवला. तिने तो वाचला आणि म्हणाली, “तुमच्या कादंबरीतली शेवटची तीस पानं काढली असती तर वाचकाचा किती वेळ वाचला असता, तो हिशेब कधी केलात?”

या घरात लेखकाला मान आहे, असा कोणाचा समज असल्यास तो काढून टाकावा.

खरं सांगायचं तर माझी हरकत वजनाला नव्हती, पैशालाही नव्हती. पगार तिचा, हौस तिची. परदेशी मालाचंही मला वावडं नाही. आखातातून सुट्टीवर आलेल्या माणसांच्या बॅगांतून निघणारी घड्याळं आणि अत्तरं बघत रत्नागिरीतल्या आमच्या पिढीने माना उंचावलेल्या आहेत. मला टोचला तो एकच शब्द, ‘स्वस्त’. आणि त्याला कारण होतं. ते मी त्रेपन्न वर्षांत कोणाला सांगितलं नव्हतं.

१९७२ साल. मी चौदा वर्षांचा, दादा सतराचा. घरात वडिलांची काळी सायकल होती. वीसेक किलो वजन, दांडीला पितळी बिल्ला, मागे कॅरिअर. तिच्या पुढच्या चिमट्याला चीर गेली. वडिलांनी मला पंधरा रुपये देऊन बाजारात पाठवलं आणि बजावलं, “कंपनीचाच आण.” कंपनीचा चिमटा चौदा रुपयांचा होता. शेजारीच, त्याच रंगाचा, त्याच छापाचा ‘डुप्लिकेट’ होता नऊ रुपयांचा. दोन्ही हातांत धरून पाहिले. मला काही फरक दिसला नाही. उरलेल्या पाच रुपयांत मी दोनदा सिनेमा पाहिला आणि मिसळ खाल्ली. घरी चौदाचा हिशेब दिला.

चिमटा तीन महिने टिकला. पावसाळ्यानंतर एका सकाळी दादा वरच्या सड्यावरून बाजाराकडे उतरत असताना तो मुळाशी तुटला. दादाचे पुढचे दोन दात गेले आणि उजवं मनगट मोडलं. हाड बसवलं, पण वाकडं बसलं. दादा शाळेचा जलदगती गोलंदाज होता. त्यानंतर त्याने चेंडू टाकला नाही. आजही चहाचा कप उचलताना त्याचा हात किंचित बाहेर वळतो, आणि मी खिडकीबाहेर बघतो.

हे सारं माझ्या मनात. लेकीला दिसत होता तो फक्त कटकट करणारा बाप. पण बँकेने एक सवय लावली आहे. मनात शंका असली तरी अर्ज फेटाळण्याआधी तो पुरता वाचायचा. तेव्हा पुढचे पंधरा दिवस मी चाकांचा अभ्यास केला आणि त्यात माझे बरेच गैरसमज गळून पडले.

पहिला गैरसमज ‘चिनी म्हणजे नकली’ हा. चीनच्या आग्नेय किनाऱ्यावरचं शियामेन आणि समुद्रापलीकडे तैवानातलं ताइचुंग, या भागांत सायकलीच्या कार्बनचे कारखाने दाटीने आहेत. मोठमोठ्या पाश्चात्त्य नावांचा मालही पुष्कळदा या प्रदेशातूनच येतो. कार्बनचा धागा, रेझिन, साचा आणि भट्टी, एवढाच हा मामला. रेझिनमध्ये भिजवलेल्या धाग्याच्या पट्ट्या कामगार हाताने साच्यात थरावर थर रचतात, मग उष्णता आणि दाब देऊन त्या घट्ट करतात. कोणता थर कोणत्या दिशेला, मध्ये हवेचा बुडबुडा राहिला का, आतली घडी नीट बसली का, यावर सगळं अवलंबून. आणि हे काहीही बाहेरून दिसत नाही. वरून सगळ्या रिमा काळ्या, चकचकीत, सारख्या. अगदी माझ्या दोन चिमट्यांसारख्या.

ॲल्युमिनियमची रिम खड्ड्यात आपटली तर चेपते. डोळ्यांना दिसतं, मिस्त्री सांगतो, आपण बदलतो. कार्बन तसं करेलच असं नाही. आतला थर सुटला तरी वरून तो शांत असू शकतो. नाण्याने टकटक करून आवाज बद्द येतो का पाहतात, पण तोही अंदाजच. तक्रार न करणारी वस्तू आणि तक्रार न करणारा माणूस, दोघांवरही जरा जास्तच लक्ष ठेवावं लागतं.

दुसरी गोष्ट टायरची. टायर घट्ट धरून ठेवायला रिमची कड आतून वळवलेली असते. हल्ली वजन आणि खर्च वाचवायला कित्येक कारखाने ती वळवतच नाहीत. अशा सरळ कडेच्या रिमेत हवा जास्तीत जास्त ५ बार, म्हणजे साधारण ७२ पौंड भरायची आणि टायर तिला चालणाराच घालायचा, हा नियम. फेब्रुवारी २०२४ मध्ये यूएई टूर शर्यतीत थॉमस डी गेंट हा बेल्जियन सायकलपटू चाक दगडावर आदळून पडला. त्याचा टायर रिमवरून निघाला होता आणि रिम सरळ कडेची होती. त्यावरून जगभर वाद झाला. आपल्या पंपावर ‘टाइट भर रे’ म्हणायची सवय असलेल्या देशात हे लक्षात ठेवलेलं बरं.

तिसरी गोष्ट खास आपल्या रत्नागिरीची. चाकाच्या तारा रिमला जिथे अडकतात तिथे छोटी निपलं असतात. वजन कमी म्हणून आणि लाल-निळी छान दिसतात म्हणून ती ॲल्युमिनियमची देतात. पण कार्बन आणि ॲल्युमिनियम एकत्र आले आणि त्यांना खारी ओल मिळाली की ॲल्युमिनियम झिजतं, पांढरी भुकटी होते. ज्या गावात खिडकीचे गज दर दोन वर्षांनी रंगवावे लागतात, तिथे हे वेगळं समजवायला नको. निपलं पितळेची हवीत. काही ग्रॅम वाढतील, वाढू देत.

आणि रिमची उंची. पन्नास मिलिमीटर उंच रिमा फोटोत रुबाबदार दिसतात; पण आरे-वारेच्या चढावर समुद्राचा वारा बाजूने लागला की पुढचं चाक शिडासारखं ओढलं जातं. पस्तीस पुरेत. उतारावर रिमलाच ब्रेक घासणारी सायकल असती तर तापून रेझिन मऊ पडण्याचीही भीती होती. तिची डिस्क ब्रेकची आहे, तेवढी काळजी कमी.

हे सगळं वाचून मी लेकीला म्हटलं, “कर्ज देताना आम्ही कर्जदाराचे कपडे बघत नाही, जामीनदार बघतो. या चाकांना जामीन कोण?”

तिला मुद्दा पटला. आम्ही दोघांनी बसून प्रश्न काढले. चाचणी कोणत्या मानकाची? आयएसओ ४२१० ची का? स्वाराचं कमाल वजन किती? कड वळवलेली आहे का? निपलं पितळेची द्याल का? रिम तडकली तर काय? दोन कारखान्यांना पत्रं गेली. ३८ हजारवाल्याचं उत्तर तासाभरात आलं. सगळ्या प्रश्नांना मिळून एकच वाक्य, माल उत्तम आहे, काळजी नसावी. दुसऱ्याचं उत्तर चार दिवसांनी आलं. चाचणीचे कागद, वजनाची मर्यादा, टायरांची यादी, दोन वर्षांची हमी, आपटून तडकली तर अर्ध्या किमतीत नवी. किंमत ४५ हजार.

लेक घुटमळली. कुरिअर, जकात, कर धरून हा आकडा ६० हजारांच्या वर जाणार होता. “सात हजारांचा फरक आहे, बाबा. दिसायला तर दोन्ही सारखीच आहेत.”

“ते सात हजार मी देतो.”

“का?”

आणि मग मी तिला चिमट्याची गोष्ट सांगितली. सौ. स्वयंपाकघरातून येऊन दारात उभी राहिली होती, ते मला नंतर कळलं. तीही पहिल्यांदाच ऐकत होती. कोणी काही बोललं नाही. थोड्या वेळाने लेकीने माझीच पेन्सिल घेतली, काहीतरी आकडेमोड केली आणि म्हणाली, “पाच रुपयांचे त्रेपन्न वर्षांत सात हजार. दरसाल साडेचौदा टक्क्यांच्या जरा वर. चक्रवाढ. तुमच्या बँकेने इतकं व्याज घेतलं असतं का हो?”

चाकं ऐन पावसात आली. लेकीने ती आमच्या जुन्या मिस्त्रींकडे नेली. कार्बनचं चाक त्यांच्या दुकानात क्वचितच येतं. त्यांनी ते स्टँडवर फिरवलं, तारा जोडीजोडीने चिमटीत दाबल्या, नखाने वाजवून पाहिल्या. मागच्या चाकातल्या तीन तारा ढिल्या निघाल्या. आऊट काढायला वीस मिनिटं लागली. “दोनशे किलोमीटर झाले की परत आण,” ते म्हणाले, “नवीन चाक बसायला वेळ घेतं.” साठ हजारांच्या वर खर्च केल्यावर खरा जामीनदार मिळाला तो वीस मिनिटांच्या मजुरीत.

नोव्हेंबरात तिने आंबा घाट करायचं ठरवलं. पहाटे पाली, नाणीज करत ती पुढे गेली. मी गाडी काढली आणि दादाला बरोबर घेतलं. साखरप्याच्या पुढे, घाट उतरून येतात तिथे रस्त्याकडेला आम्ही थांबलो. थर्मासमधला चहा ओतला. दादाने कप उचलला, हात नेहमीसारखा बाहेर वळला. या वेळी मी खिडकीबाहेर पाहिलं नाही. म्हटलं, “दादा, तो चिमटा डुप्लिकेट होता. नऊ रुपयांचा.”

दादाने चहाचा घोट घेतला. “ठाऊक आहे. तुटलेले तुकडे मिस्त्रींनी तेव्हाच दाखवले होते मला.”

“मग बोलला का नाहीस?”

“वडिलांनी तुला फोडून काढला असता,” तो म्हणाला. “आणि मग दोघांची हाडं बसवायचा खर्च.”

त्रेपन्न वर्षं मी ज्या कर्जाचं व्याज भरत होतो, ते देणेकऱ्याला न कळवता परस्पर निर्लेखित झालेलं होतं. बँकेच्या उभ्या नोकरीत असं प्रकरण माझ्या टेबलावर आलं नव्हतं.

तेवढ्यात वरच्या वळणावर पिवळं जाकीट दिसलं. ती झाडांआड गेली, पुन्हा दिसली. उतारावरून चाकांची बारीक घरघर ऐकू आली. ब्रेक लावत, दोन्ही हात पक्के धरून ती आमच्यासमोर येऊन थांबली आणि म्हणाली, “चहा उरलाय का?”

दादा खाली उतरला. वाकड्या हाताने त्याने पुढचा चिमटा धरला, एकदा जोरात हलवून पाहिला आणि मान डोलावली.