चिंचोक्यांचा खेळ आणि घरचा व्यवहार

खेळाविषयी आपल्या प्राचीन वाङ्मयाचे मत फारसे अनुकूल नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील अक्षसूक्तात फाशांच्या नादाने घरदार गमावलेल्या जुगाऱ्याचा विलाप आहे. सभापर्वातील द्यूताने तर एका कुलाचा नाश ओढवला. संस्कृत शिकवण्यात ज्याचे आयुष्य गेले, अशा माझ्यासारख्या शिक्षकाने दिवाळीच्या सुटीत घरातील वडीलधाऱ्या मंडळींसह पटावर बसावे आणि त्या पटावर घरच्या धंद्याचे धोरण ठरवावे, हे वाचून कित्येकांस हसू येईल. परंतु गेल्या दिवाळीत आमच्या घरी हे घडले. त्यातून जे शिकावयास मिळाले ते इतर एकत्र कुटुंबांसही उपयोगी पडेल असे वाटल्यावरून हा लेख लिहीत आहे.

आमचे कुटुंब दोन ठिकाणी विभागलेले आहे. बारामतीस शेतीची अवजारे व ठिबकाच्या नळ्या यांचे दुकान असून ते माझे थोरले बंधू, ज्यांस आम्ही सर्व दादा म्हणतो, पाहतात. इंदापूर तालुक्यात नीरेच्या डाव्या कालव्याच्या शेवटाकडे चौदा एकर ऊस आहे; तो आमचा चुलत पुतण्या सांभाळतो. दुकान आणि शेत यांचा हिशेब अद्याप एकाच वहीत आहे. ती वही गेली चाळीस वर्षे दिवाणजी लिहीत आले आहेत.

आमच्या भागात हल्ली कृत्रिम बुद्धिमत्तेची चर्चा चावडीपासून देवळापर्यंत ऐकू येते. तिला कारणही तसेच आहे. आप्पासाहेब पवार यांनी १९७१ साली स्थापन केलेल्या बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्ट कंपनी व ऑक्सफर्ड विद्यापीठ यांच्या साहाय्याने उसावर या विद्येचा प्रयोग आरंभिला. २०२४ साली सुमारे एक हजार शेतकरी त्यासाठी निवडण्यात आले. शेतात हवामान मोजणारे यंत्र उभे करावयाचे, जमिनीत ओलावा व क्षार जोखणारे संवेदक पुरावयाचे, आकाशातून उपग्रहाने पिकाची छायाचित्रे घ्यावयाची. आणि या सर्वांचा मेळ घालून पाणी केव्हा द्यावे, खत किती द्यावे, कीड कोठे पडण्याचा संभव आहे, हे शेतकऱ्यास त्याच्या मोबाइलवर मराठीत कळवावयाचे, अशी ही योजना आहे. प्रात्यक्षिकाच्या प्लॉटवर उसाचे वजन तीस ते चाळीस टक्के अधिक भरले आणि साखरेचे प्रमाण वीस टक्क्यांनी वाढले, असे मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०२५ मध्ये प्रसिद्ध केले. त्याच वर्षी राज्य सरकारने शेतीसाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचे स्वतंत्र धोरण मंजूर केले. पुण्याजवळील मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटही पुढे आली. हेक्टरी २५,००० रुपये खर्चापैकी ९,२५० संस्थेने, ६,७५० साखर कारखान्याने व ९,००० शेतकऱ्याने सोसावेत, अशी वाटणी जाहीर झाली.

या बातम्यांनी आमच्या पुतण्याचे मन पेटले. चौदाही एकरांवर यंत्रे बसवावी, दुकानातही मालाची व उधारीची सर्व व्यवस्था यंत्राकडे सोपवावी आणि त्यासाठी तीन लाख रुपये एकदम उभे करावे, असा त्याचा आग्रह होता. दादांनी साफ नकार दिला. शब्दाने शब्द वाढला आणि नवरात्रात एके दिवशी पुतण्याच्या तोंडून ‘मग आमचा हिस्सा वेगळा करून द्या’ हे वाक्य निघाले. आमच्या घरात हे वाक्य तीन पिढ्यांत कोणी उच्चारले नव्हते. त्या रात्री कोणी नीट जेवले नाही.

दिवाळीस पुण्याहून माझी धाकटी सून आली. ती एका कंपनीत हेच काम करते. दोन्ही बाजू ऐकून घेतल्यावर ती मला म्हणाली, ‘मामंजी, वाद घालून हे सुटणार नाही. आपण सर्वांनी मिळून एक खेळ खेळू या.’ मोठमोठ्या कंपन्यांतही अशा यंत्रांविषयी धोरण ठरविताना अधिकाऱ्यांस पत्त्यांच्या व पटाच्या खेळांतून विचार करावयास लावतात, असे तिने सांगितले. मला ते नवलाचे वाटले, पण तसे ते नव्हे. प्रशियाच्या सैन्यातील अधिकारी १८२४ पासून नकाशावर सोंगट्या मांडून युद्धाचे डाव शिकत असत. अलीकडे आंध्र प्रदेशातील गावांत भूजलाचा एक खेळ खेळविण्यात आला. फार पाणी पिणारे पीक घ्यावे की कमी पाण्याचे, हे प्रत्येकाने ठरवावयाचे आणि सर्वांच्या निवडीमुळे गावाची पाणीपातळी कशी घटते हे डोळ्यांनी पाहावयाचे. उपदेशाने जे पटत नाही ते हाताने खेळल्यावर पटते, हे मी शाळेतही पुष्कळ वेळा पाहिले आहे.

सुनेने मांडलेला खेळ सहकारी जातीचा होता. बुद्धिबळात एक जिंकतो व दुसरा हरतो; येथे सर्व मिळून जिंकावयाचे किंवा सर्व मिळून बुडावयाचे. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती असे सहकारी कारखाने ज्यांनी पाहिले आहेत त्यांस ही कल्पना नवी नाही. खेळाचे साहित्य घरचेच होते. मध्ये वीस चिंचोके, ही सामाईक तिजोरी. बाजूस सहा सुपाऱ्या, हा गिऱ्हाइकांचा व घरच्या माणसांचा विश्वास. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूंवर लिहिलेल्या चिठ्ठ्या: काही कामांच्या, काही माणसांच्या, काही यंत्रांच्या आणि पालथ्या ठेवलेल्या काही विघ्नांच्या. चार फेऱ्या म्हणजे वर्षाचे चार हंगाम. प्रत्येक फेरीत काय विकत घ्यावयाचे ते सर्वांच्या संमतीनेच ठरवावयाचे आणि मग एक विघ्न उलटावयाचे. अखेरीस तिजोरीत काही शिल्लक असावी, तीन सुपाऱ्यांहून विश्वास कमी होऊ नये आणि एखादे तरी काम पूर्वीपेक्षा चांगले झाल्याचे दाखविता यावे, म्हणजे जिंकलो.

आणखी एक नियम होता आणि खेळाचे मर्म त्यातच होते. कोणीही स्वतःची भूमिका घ्यावयाची नाही. दादा पाटकरी झाले, पुतण्या उधारीवर माल नेणारे गिऱ्हाईक झाला, मी यंत्र विकणारा झालो. दिवाणजींना आग्रहाने बसविले होते. त्यांच्या वाट्याला मालकाची चिठ्ठी आली. दिवाणजी मात्र कोणीच झाले नाही. त्यांची चिठ्ठी पटावर पडून राहिली व तिच्यासाठी दर हंगामास दोन चिंचोके पगार द्यावा लागे.

पहिल्या फेरीत पुतण्याच्या उत्साहाने आम्ही बारा चिंचोके देऊन ‘सर्व कामे करणारे यंत्र’ घेतले. विघ्न निघाले, ‘माहिती अपुरी’. यंत्राला शिकविण्यास जुन्या नोंदी हव्या होत्या, त्या आमच्यापाशी नव्हत्या. तीन चिंचोके दंड झाला. पगाराचे दोन गेल्यावर तीनच उरले. दुसऱ्या फेरीत तिजोरीकडे पाहून मालक झालेले दिवाणजी शांतपणे म्हणाले, ‘आता यंत्र आहे. दिवाणजींना घरी बसवू; दोन चिंचोके वाचतील.’

क्षणभर कोणी बोलले नाही. मग एकेकाने मान डोलविली. मीही डोलविली. हिशेब बिनचूक होता आणि खेळच तर होता! गिऱ्हाइकांस जुना माणूस दिसेनासा झाला म्हणून एक सुपारी गेली. त्या फेरीच्या विघ्नात दोन चिंचोके गेले. तिसऱ्या फेरीत ‘खोटा संदेश’ निघाला: यंत्राने चुकीचा सल्ला दिला, अनुभवी माणूस पटावर असेल तर तो चूक ओळखील, नसेल तर तीन सुपाऱ्या जातील. पाचांतून तीन गेल्या, दोन राहिल्या. आम्ही सर्व मिळून बुडालो. दिवाणजी आपली चिठ्ठी उचलून धोतराच्या घडीने पुशीत होते. वर पाहून मला म्हणाले, ‘मास्तर, माझ्या मनात हे दोन महिन्यांपासून होतेच. तुम्ही सर्वांनी एकदम हो म्हणाल, असे मात्र वाटले नव्हते.’

त्यांना काय उत्तर द्यावे ते मला सुचले नाही. दादा उठून आत गेले. त्या घटकेपर्यंत हा वाद दादा आणि पुतण्या यांच्यातील आहे असे आम्ही समजत होतो. ज्याच्या अन्नावर त्याचा परिणाम व्हावयाचा त्याला कोणी विचारलेच नव्हते.

दुसऱ्या रात्री दादांनीच पट मांडावयास सांगितले. या वेळी आधी दोन चिंचोक्यांची ‘जुन्या नोंदींची वही’ घेतली, मग एकाच कामाचे लहान यंत्र घेतले, आणि दिवाणजींची चिठ्ठी कोणी हलविली नाही. चार हंगाम पार पडले तेव्हा तीन चिंचोके व चार सुपाऱ्या शिल्लक होत्या. विजय मोठा नव्हता, पण घर राहिले.

खेळातून निघालेले विचार आम्ही पाडव्यास कागदावर उतरविले. यंत्र कोणते घ्यावे हा पहिला प्रश्न नव्हेच. आपला कोणता निर्णय वरचेवर चुकतो, हा पहिला प्रश्न. आमचे दोन निर्णय चुकत होते: उसास पाणी केव्हा द्यावे आणि हंगामाआधी नळ्यांचा साठा किती करावा. दुसरा प्रश्न माहितीचा. ती आमच्याकडे होती, पण दिवाणजींच्या डोक्यात. कोणत्या गावी आडसाली ऊस अधिक, कोठे सुरू लागण अधिक, कोणाची विहीर फाल्गुनातच तळ गाठते, कोण खोडवा राखतो, हे त्यांना तोंडपाठ. तिसरा प्रश्न मर्यादेचा. उधारी कोणास द्यावी हे यंत्राने ठरवावयाचे नाही, आणि गिऱ्हाइकाचे नाव किंवा देणे त्याच्या संमतीवाचून कोणत्याही यंत्रात घालावयाचे नाही. २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत झालाच आहे. परंतु कायदा नसता तरी दुसऱ्याची अब्रू चव्हाट्यावर मांडू नये, हे आपणांस ठाऊक आहे. चौथा प्रश्न, चूक झाली तर ती कोण ओळखील व थांबण्याचा अधिकार कोणास? तो अधिकार एकमताने दिवाणजींस दिला.

त्याप्रमाणे जानेवारीत केवळ एक हेक्टर सुरू उसावर यंत्राचा सल्ला घ्यावयाचे ठरले. आमच्या वाट्याचा खर्च नऊ हजारांचा. शेजारचा तेवढाच तुकडा नेहमीच्या रीतीने ठेवला आहे, म्हणजे तुलना होईल. दुकानात रोज दुपारी दिवाणजी सांगतात व माझी नात संगणकावर लिहून घेते. पहिले काही दिवस दोघेही कंटाळत. आता ती त्यांच्या गोष्टी ऐकावयास आपण होऊन येते.

सर्व सुरळीत झाले असे मात्र मी म्हणणार नाही. उन्हाळ्यात एके सकाळी मोबाइलवर संदेश आला की आज पाणी द्या. आणि कालव्याचे आवर्तन तर आठ दिवस लांबले होते. शेततळ्यात होते तेवढे पाणी पुतण्याने ठिबकाने दिले. दिवाणजी म्हणाले, ‘यंत्राला जमिनीची तहान कळते, पाण्याची पाळी कळत नाही.’ पुतण्याने ते वाक्य वहीत लिहून ठेवले आणि आता पाळीच्या तारखाही तो नोंदवितो. ऊस अद्याप उभा आहे. वजनकाट्यावर जाईपर्यंत लाभहानीचा निकाल सांगणे उतावीळपणाचे होईल. वेगळ्या हिश्श्याची गोष्ट मात्र पुन्हा निघालेली नाही.

ज्या घरांत दुकान, शेती, छापखाना किंवा दवाखाना आहे आणि या नव्या विद्येविषयी तरुण व वडील यांच्यात मतभेद आहे, त्यांनी पैसा काढण्यापूर्वी दोन रात्री असा खेळ अवश्य खेळावा. चिंचोके व सुपाऱ्या कोणाच्याही घरी असतात. चिठ्ठ्या आपापल्या धंद्याप्रमाणे लिहाव्या, विघ्ने मात्र खरी लिहावी, आणि ज्याच्या भाकरीचा प्रश्न आहे त्यास पटावर बसविल्यावाचून डाव मांडू नये.