आधी प्लग काढा, मग ब्रश घ्या

चेन्नईच्या खाऱ्या, दमट हवेत शिलाई मशीन लवकर गंजते. त्यात ऑक्टोबर ते डिसेंबरचा पाऊस! म्हणून आपण साफसफाईला बसतो, पण पाय सवयीने पेडलवरच असतो. चुकून दाब पडला तर सुई थेट बोटात! नुसतं बटण बंद करून भागत नाही, प्लगच काढा. पायाची मशीन असेल तर चाकावरचा पट्टा उतरवा. मग सुई काढून, पट्टी उघडून दात्यांमधला भुसा ब्रशने झाडा. फुंकर मारू नका, भुसा डोळ्यांत जातो आणि ओलावा आत. तेल मशीनचंच, एक-दोन थेंब. खोबरेल (मोह होतोच!) आत चिकटून बसतं. पुन्हा शिवताना आधी चिंधीवर चालवा, जास्तीचं तेल तीच टिपेल. मोडकी सुई मात्र केरात नको, झाकणाच्या डबीत ठेवा. घरात रांगणारं बाळ असेल तर ती डबीही उंचावर.