बिअर आणि धान्याची उकळी

घरी बिअर करायची म्हणजे बार्ली खळखळ उकळायची, असा समज सर्रास आढळतो. ऑल-ग्रेन पद्धतीत (तयार अर्क न घेता थेट धान्यापासून बिअर करणे) धान्य उकळतच नाहीत. भरडलेले माल्ट (मोड आणून वाळवलेली बार्ली) साधारण ६५ ते ६८ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर मुरवतात.

नागोठण्याच्या परिसरात बिरड्यासाठी वालाला मोड काढणे घरोघरी ठाऊक आहे. भिजलेला दाणा जागा होतो आणि स्वतःचा साठा वापरू लागतो. बार्लीतही तेच घडते. मोड येताना तिच्यात एन्झाइम (रासायनिक बदल घडवणारी प्रथिने) वाढतात आणि पुढे गरम पाण्यात तीच पिठूळ भागाची साखर करतात. पाणी उकळले तर ती निकामी होतात, पीठ पीठच राहते, आणि यीस्टला (साखरेचे मद्य करणारे सूक्ष्मजीव) पीठ खाता येत नाही. उकळी येते ती नंतर, दाणे गाळून उरलेल्या गोड रसाला, हॉप्ससह (बिअरला कडवटपणा देणारी फुले). गोंधळ बहुधा इथेच होतो.

साहित्य मोजकेच: मोठे पातेले, गाळायची कापडी पिशवी, आंबवायला झाकणाचे पिंप. पहिला खर्च मात्र चांगल्या थर्मामीटरवरच करावा. २० लिटरला चार-पाच किलो माल्ट लागते.

महाराष्ट्रात १९४९च्या दारूबंदी कायद्यामुळे परवान्याविना घरीही मद्य करता येत नाही. ब्रिटनमध्ये मात्र १९६३पासून घरगुती बिअरला परवाना लागत नाही.