वजन उतरवलेली मोटार : लोटस एलीझ

मोटार अधिक चपळ करायची असेल तर काय करावे, असा प्रश्न वर्गात विचारला की बहुतेक हात एकाच उत्तरासाठी वर होतात : मोठे इंजिन बसवावे! उत्तर चुकीचे नाही. न्यूटनच्या दुसऱ्या नियमाप्रमाणे त्वरण म्हणजे बल भागिले वस्तुमान. बल वाढले की त्वरण वाढणारच. पण अपूर्णांकाला अंशाबरोबर छेदही असतो. अंश दुप्पट करा किंवा छेद निम्मा करा, उत्तर तेच येते. इंग्लंडमधील लोटस या कंपनीने आपले बरेचसे आयुष्य या छेदावर काम करण्यात घालवले. त्या कामाचा उत्तम नमुना म्हणजे १९९६ ते २०२१ या काळात तयार झालेली एलीझ ही दोन आसनांची स्पोर्ट्‌स मोटार.

लोटसचा संस्थापक कॉलिन चॅपमन (१९२८–१९८२) हा लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात बांधकामांच्या रचनेचे अभियांत्रिकी शास्त्र शिकलेला होता. पुलाची कोणती तुळई किती बल सोसते आणि कोणती नुसतीच वजन वाढवते, हे पाहण्याची त्याला सवय होती. मोटारीकडेही त्याने त्याच नजरेने पाहिले. १९५२ साली त्याने कंपनी काढली. १९६६ पासून तिचा कारखाना नॉरफोक परगण्यातील हेथेल येथे, दुसऱ्या महायुद्धातील एका जुन्या विमानतळावर आहे. फॉर्म्युला वन शर्यतींमध्ये त्याच्या संघाने उत्पादकांसाठीचे विजेतेपद सात वेळा मिळवले. एलीझ मात्र त्याने पाहिली नाही. ती १९९५ साली फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात प्रथम लोकांपुढे आली, तेव्हा कंपनी रोमानो आर्तिओली या इटालियन उद्योजकाच्या हाती होती. त्याच्या नातीचे नाव एलिसा, त्यावरून मोटारीचे नाव एलीझ!

पहिल्या एलीझचे वजन होते सव्वासातशे किलोग्रॅमच्या आसपास. इंजिन रोव्हर कंपनीचे, १.८ लिटरचे, ११८ अश्वशक्तीचे. म्हणजे घरगुती मोटारीत असते तसेच, आणि खरोखरच ते घरगुती मोटारींसाठीच तयार केलेले होते. तरीही ही मोटार ताशी १०० किलोमीटरचा वेग सुमारे सहा सेकंदांत गाठत असे.

आता थोडे गणित करू. चालकासह वस्तुमान ८०० किलोग्रॅम धरा. ताशी १०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २७.८ मीटर. या वेगाला मोटारीची गतिज ऊर्जा सुमारे ३ लाख ९ हजार ज्यूल येते. ती सहा सेकंदांत मिळवायची तर सरासरी शक्ती लागेल सुमारे ५१ किलोवॉट, म्हणजे ६९ अश्वशक्ती. मग ११८ मधली उरलेली कुठे गेली? काही गिअर बदलताना वाया गेली, काही हवेच्या रोधात आणि घर्षणात गेली. शिवाय इंजिन प्रत्येक क्षणी आपली कमाल शक्ती देतच नाही. मोटार याच्या दुप्पट जड असती तर याच कामासाठी इंजिनही दुप्पट ताकदीचे लागले असते. आणि दुप्पट ताकदीचे इंजिन स्वतःच जड! त्याला मोठी टाकी, रुंद टायर, मोठे ब्रेक हवेत; त्यांचेही वजन आलेच. वजन हे चक्रवाढ व्याजासारखे वाढते. सुदैवाने कमी करायला घेतले तर घटतेही तसेच.

सोऱ्यातून काढलेला सांगाडा

मोटारीचे वजन घटवायचे तर सुरुवात सांगाड्यापासून करावी लागते. एलीझचा सांगाडा ॲल्युमिनियमचा असून त्याचे वजन फक्त ६८ किलोग्रॅम होते, म्हणजे एका प्रौढ माणसाइतके.

ॲल्युमिनियम हलके असते म्हणून सांगाडा हलका झाला, असे तुम्ही म्हणाल. येथे जरा थांबा. पोलादाची घनता ॲल्युमिनियमच्या सुमारे तिप्पट आहे हे खरे, पण पोलादाचा यंग-गुणांक, म्हणजे ताणाला दाद न देण्याचे माप, तोही सुमारे तिप्पटच आहे. एखादी कांब नुसती ओढायची असेल तर सारख्याच ताठपणासाठी दोन्ही धातूंच्या कांबींचे वजन जवळपास सारखेच भरेल. खरा फायदा आकारात आहे. तेवढ्याच वजनात ॲल्युमिनियमचा पत्रा तिप्पट जाड घेता येतो, आणि पत्र्याचा वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून पोकळ, रुंद, पेटीसारखे भाग ॲल्युमिनियमचे केले की ते चेपत नाहीत आणि हलकेही राहतात.

असे पोकळ भाग करायचे कसे? दिवाळीत घरी चकल्या होतात तसे! सोऱ्यात पीठ भरून दाबले की खालच्या ताटलीतील छिद्राच्या आकाराची चकली बाहेर येते. ॲल्युमिनियमचा ओंडका वितळू न देता चांगला तापवतात आणि प्रचंड दाबाने पोलादी साच्यातून ढकलतात. साच्याच्या आकाराची लांबच लांब पट्टी बाहेर येते. आत पडदे असलेली पोकळ नळी हवी असेल तर तीही मिळते. या पद्धतीला एक्स्ट्रूजन म्हणतात. पोलादी पत्रा ठोकून आकार देणाऱ्या महाकाय साच्यांच्या मानाने हे साचे फार स्वस्त पडतात. वर्षाला काही हजारच मोटारी करणाऱ्या कंपनीला ही गोष्ट जीवनमरणाची असते. हे काम लोटसने हायड्रो ॲल्युमिनियम या कंपनीच्या डेन्मार्कमधील कारखान्याच्या मदतीने केले. सांगाड्याची रचना रिचर्ड रॅकहॅम या अभियंत्याची.

पुढचा प्रश्न जोडणीचा. वेल्डिंग केले तर उष्णतेने सांध्याजवळचे ॲल्युमिनियम नरम पडते. ताकद कमी होते म्हणून पत्रा जाड घ्यावा लागतो, आणि वजन परत येते. म्हणून हे भाग चक्क चिकटवले. इपॉक्सी जातीचा डिंक लावून सांगाडा भट्टीत भाजून पक्का करण्यात आला. मोटार डिंकाने चिकटवलेली आहे हे ऐकून पुष्कळांना हसू आले असेल. पण सायकलच्या ट्यूबला लावलेले पंक्चरचे ठिगळ आठवा. ते पृष्ठभागाला समांतर कितीही ओढा, हलत नाही. मात्र एक कोपरा नखाने उचलला की सोलत येते. पहिल्या प्रकारात बल सगळ्या पृष्ठभागावर वाटले जाते, दुसऱ्यात ते एका रेषेवर एकवटते. म्हणून सांधे असे आखले की डिंकावर शक्यतो समांतर, म्हणजे कर्तन बलच यावे. आणि सांध्यांच्या टोकाशी स्क्रू बसवले, म्हणजे कोपरा उचलला जाऊ नये. चिकटण्याआधी ॲल्युमिनियमवर विद्युत्‌-रासायनिक क्रियेने ऑक्साइडचा पक्का थर देतात, नाहीतर डिंक धातूला न चिकटता पृष्ठभागावरच्या कच्च्या थरालाच चिकटायचा.

आणखी एक प्रयोग घरी करून पाहा. बुटांचे पुठ्ठ्याचे खोके झाकणासह हातात धरून पिळा. मग झाकण काढून पिळा. दुसऱ्या वेळी ते सहज पीळ खाते. उघड्या टपाच्या मोटारीची हीच अडचण असते. छप्पर नसल्याने सांगाड्याला ताठ ठेवण्याचे सगळे काम बाजूच्या तुळयांवर येते, म्हणून एलीझमध्ये त्या चांगल्या उंच केल्या होत्या. परिणाम असा की दाराचा उंबरठा उंच झाला. गुडघेदुखी असलेल्या माणसाने या मोटारीच्या वाटेला जाऊ नये हे बरे!

वळणावर काय होते?

चौकस विद्यार्थी येथे एक हरकत घेईल, आणि ती रास्त आहे. वळणावर लागणारे केंद्राभिमुख बल घर्षणातून मिळते. घर्षण वजनाच्या प्रमाणात, आणि लागणारे बलही वस्तुमानाच्याच प्रमाणात. समीकरण मांडले तर वस्तुमान दोन्ही बाजूंनी कटून जाते. मग हलकी मोटार वळणावर वेगाने का जाते?

कारण रबर पुस्तकातल्या ठोकळ्यासारखे वागत नाही. टायरवरचा भार दुप्पट केला तर पकड दुपटीपेक्षा थोडी कमीच वाढते. म्हणजे घर्षणांक भाराबरोबर घटतो. त्यामुळे सारख्याच टायरवर हलकी मोटार अधिक चांगली चिकटून राहते. याशिवाय वळण्याची सुरुवात करताना मोटारीला स्वतःच्या उभ्या अक्षाभोवती फिरावे लागते, आणि तेथे जडत्व आघूर्ण आडवे येते. १०० किलोग्रॅमचे इंजिन गुरुत्वमध्यापासून दीड मीटर पुढे ठेवले तर त्याचा वाटा २२५ एकक. पाऊण मीटरवर आणले तर फक्त ५६. एलीझचे इंजिन आसनांच्या मागे पण मागील आसाच्या पुढे, आडवे बसवलेले असते ते याचसाठी.

ब्रेकच्या बाबतीत हलकेपणाचा फायदा तर अगदी रोकडा आहे. वर काढलेली ३ लाख ९ हजार ज्यूल ऊर्जा मोटार थांबवताना ब्रेकच्या तबकड्यांत उष्णता होऊन उतरते. समजा चारही तबकड्या मिळून १६ किलोग्रॅम लोखंड आहे; तर एका थांब्यात त्यांचे तापमान सुमारे ४२ अंशांनी वाढेल. मोटार दुप्पट जड असती तर ८४ अंशांनी. सुरुवातीच्या एलीझमध्ये तर लोखंड नव्हतेच. सिलिकॉन कार्बाइडचे कण मिसळलेल्या ॲल्युमिनियमच्या तबकड्या होत्या, कारण चाकाबरोबर वरखाली होणारे वजन जितके कमी तितके चाक रस्त्याला धरून राहते. पुरवठा बंद झाल्यावर मात्र लोखंडी तबकड्या बसवाव्या लागल्या.

भावंडे आणि वाढते वजन

पहिल्या एलीझमध्ये एअरबॅग नव्हती, चाके अडकू न देणारी ब्रेकयंत्रणा नव्हती, सुकाणू फिरवायला यंत्राची मदत नव्हती. पायाखाली गालिचाही नव्हता, उघडे ॲल्युमिनियमच. हे सगळे नसणे ही तिची युक्ती होती, पण अशी युक्ती कायम चालत नाही. युरोपातील अपघात-सुरक्षेचे नवे नियम या मोटारीला पेलणारे नव्हते. सुरक्षितता ही वजन वाचवण्याच्या यादीतली बाब नव्हे, असे मला वाटते. त्यामुळे या नियमांबद्दल काही शौकिनांनी केलेली कुरकुर मला पटत नाही.

नवा सांगाडा करायला पैसा हवा होता. तो काही अंशी जनरल मोटर्सकडून आला. तिच्यासाठी लोटसने हेथेलमध्येच २००० ते २००५ या काळात ओपेल स्पीडस्टर, म्हणजेच ब्रिटनमधील व्हॉक्सहॉल व्हीएक्स२२०, ही मोटार बांधून दिली. सांगाडा एलीझच्याच जातीचा, पण इंजिन २.२ लिटरचे आणि वजन पावणेनऊशे किलोग्रॅमच्या आसपास. २००० सालच्या अखेरीस एलीझची दुसरी आवृत्ती आली. तिचा उंबरठा थोडा खाली आलेला होता.

त्याच वर्षी दोन भावंडे उलट्या दिशांना निघाली. ३४०आर ही दारे आणि छप्पर नसलेली मोटार, फक्त ३४० तयार झाल्या. दुसरी एक्सिज, तिला पक्के छप्पर आणि मागे पंख. हा पंख विमानाच्या पंखाच्या उलटा काम करतो. वाहणारी हवा मोटारीला खाली दाबते, त्यामुळे टायरवरचा भार वाढतो पण वस्तुमान वाढत नाही. वरच्या समीकरणात वस्तुमान दोन्ही बाजूंनी कटत होते. येथे घर्षणाच्या बाजूला जास्तीचे पद येते आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही. फुकटची पकड! फुकट म्हणजे हवेच्या वाढत्या रोधाच्या मोबदल्यात. पुढे २०१२ मध्ये एक्सिजला ३.५ लिटरचे, ३४५ अश्वशक्तीचे टोयोटा इंजिन मिळाले आणि तिचे वजन १,१७६ किलोग्रॅमवर गेले.

एलीझलाही २००४ पासून १९० अश्वशक्तीचे टोयोटा इंजिन मिळू लागले. अमेरिकेत विकायची तर तेथील धूर आणि सुरक्षेचे नियम पाळायला हवे होते. एअरबॅग, वातानुकूलन वगैरे धरून अमेरिकेतील एलीझ ९०० किलोग्रॅमची झाली. एमजी रोव्हर कंपनी २००५ मध्ये बुडाली, त्यामुळे जुन्या इंजिनाचा प्रश्न तसाही निकालात निघाला.

सर्वांत वेगळे भावंड म्हणजे अमेरिकेची टेस्ला रोडस्टर. २००८ ते २०१२ या काळात विकल्या गेलेल्या या विजेच्या मोटारीचा पाया एलीझचाच होता, जरी प्रत्यक्षात जुळणारे भाग थोडेच उरले होते. इंजिनविरहित मोटार हेथेलमध्ये बांधली जाई, बॅटरी आणि मोटर टेस्लाची. बॅटरीत लॅपटॉपमध्ये असतात तसे ६,८३१ घट होते, तिचे वजन सुमारे ४५० किलोग्रॅम आणि साठा ५३ किलोवॉट-तास. ही ऊर्जा झाली सुमारे १९ कोटी ज्यूल. एक लिटर पेट्रोलमध्ये सव्वातीन कोटी ज्यूल असतात. म्हणजे साडेचारशे किलोच्या ओझ्यात सहा लिटर पेट्रोलइतकी ऊर्जा! ती मोटार तरीही धावली, कारण विजेची मोटर ऊर्जेचा फार मोठा भाग कामात आणते, तर पेट्रोल इंजिन तीन-चतुर्थांश उष्णतेच्या रूपाने फेकून देते. मात्र मोटारीचे वजन १,३०० किलोग्रॅमच्या आसपास पोचले. यांपैकी एक रोडस्टर ६ फेब्रुवारी २०१८ रोजी फाल्कन हेवी अग्निबाणाच्या पहिल्या उड्डाणात अवकाशात सोडण्यात आली आणि ती सूर्याभोवती फिरत आहे. तेथे वजनाचा प्रश्न उरलेला नाही. वस्तुमान मात्र आहे तेवढेच.

शेवटची एलीझ २०२१ मध्ये तयार झाली. तोवर ३५ हजारांहून अधिक एलीझ हेथेलमधून बाहेर पडल्या होत्या. त्याच वर्षी लोटसने एमिरा ही नवी मोटार जाहीर केली. तिचाही सांगाडा सोऱ्यातून काढून चिकटवलेल्या ॲल्युमिनियमचा आहे. वजन किमान १,४०५ किलोग्रॅम. ७५ किलोग्रॅमचा चालक धरून ताशी १०० किलोमीटरला तिची गतिज ऊर्जा किती, आणि वर मानलेल्या १६ किलोग्रॅमच्या तबकड्या तिला थांबवताना किती अंशांनी तापतील, हे वाचकांनी काढून पाहावे. लोखंडाची विशिष्ट उष्णता ४६० ज्यूल प्रति किलोग्रॅम प्रति अंश घ्यावी.