ब्रेकवरचे रबर

आम्हा कवींना 'चरण' म्हटले की कवितेची ओळ आठवते. आज बोलायचे आहे ते खऱ्याखुऱ्या पायाविषयी, मोटारसायकलच्या ब्रेकवर ठेवलेल्या.

माझ्या भाच्याने जुनी बुलेट घेऊन आपल्या मनासारखी करून घेतली. सीट खाली, हँडल रुंद, फूटरेस्ट पुढे. जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या. फूटरेस्ट सरकले म्हणून वेल्डिंग करून ब्रेकचे पेडलही लांबवले. टोकाला लोखंडी पट्टी, तिला दोन भोके, त्यांत अडकवलेले रबरी पॅड.

गेल्या पावसाळ्यात ती गाडी मी चालवत होतो. उतारावर म्हैस आडवी आली. ब्रेक दाबला, तर ओला बूट पेडलवरून सटकला. पुढच्या ब्रेकने गाडी थांबली खरी, पण म्हशीपासून वीतभर अंतरावर. घरी येऊन पाहिले, तर पॅडवरच्या रेघा पार झिजलेल्या, कडा तडकलेल्या.

"मामू, ब्रेक तर परवाच तपासला होता," भाचा म्हणाला. चाकातला तपासला होता. पायाखालचा कोण पाहतो? रबर नुसते झिजत नाही. ऊन, हवा आणि इंजिनची उष्णता यांनी ते कडक होत जाते, मग बुटाला धरत नाही. रेघा असतात त्या पाण्याला वाट द्यायला.

कंपनीच्या गाडीचे पॅड मॉडेलच्या नावावर मिळते. अशा घडवलेल्या गाडीचे मिळत नाही. पट्टी कागदावर ठेवून पेन्सिलीने आकृती काढा. भोकांचा व्यास, त्यांच्या मध्यांतले अंतर आणि पट्टीची जाडी मोजा. भाच्याने अंदाजाने आणलेले पहिले पॅड चार मिलिमीटरने चुकले!

गाडी थंड झाल्यावर पक्क्या स्टँडवर घ्या. जुन्या पॅडची मागची बोंडे ब्लेडने छाटली की ते सुटते. गंज पॉलिश पेपरने घासा. भोकांच्या कडाही गुळगुळीत करा, नाहीतर त्या नवे बोंड कापतात. नवे पॅड थोडा वेळ कोमट पाण्यात ठेवा, बोंडांना साबणाचे पाणी लावा आणि मागून पक्कडीने हळूहळू ओढा. इथे ग्रीस लावायचा मोह होतो. लावू नका. खनिज तेलाने नैसर्गिक रबर फुगते, आणि तेच बोट पॅडवर फिरले तर पाय पुन्हा घसरणार. साबण मात्र धुऊन निघतो. धुवा आणि रात्रभर वाळू द्या.

पॅड हाताने पिळून पाहा. हलता कामा नये. नवे रबर जाड असते, त्यामुळे पाय नुसता टेकला तरी ब्रेक लागून राहत नाही ना, हे मागचे चाक हाताने फिरवून बघा. लागत असेल तर पेडलची उंची कमी करून घ्या. मागचा दिवा पेटतो का, तेही पाहा. मग गल्लीतच, सावकाश, एक फेरी.

आमची फेरी छान झाली. दुसऱ्या दिवशी भाच्याने हौसेने गाडीला चमक आणणारे पॉलिश मारले, टायरपासून त्या पॅडपर्यंत सगळीकडे. मी बादली आणि साबण पुन्हा त्याच्या पुढ्यात ठेवला.